स्वतःची वेबसाइट वर्षानुवर्षं कशी टिकवायची? डोमेन, होस्टिंग आणि बॅकअपची संपूर्ण माहिती मराठीत

वेबसाइट कशी बनवायची हे सांगणारे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने मिळतात. बनवलेली साइट पाच, दहा, पंधरा वर्षं चालू कशी ठेवायची, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आजच्या लेखात आपण तेच बघणार आहोत.

मी २००८ पासून स्वतःची एक छोटी साइट चालवतो. विषय आहे गोंदिया जिल्ह्यातले तलाव आणि तिथे दिसणारे पक्षी. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, परसवाडा अशा मोठ्या नावांसोबत गावोगावचे मामा तलावही त्यात आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोणत्या तारखेला कोणत्या तलावावर काय दिसलं याची नोंद आणि फोटो, एवढंच त्या साइटवर असतं. या काळात माझी साइट दोनदा पूर्ण गायब झाली. दोन्ही वेळा चूक माझीच होती आणि दोन्ही वेळा ती टाळता आली असती. म्हणून हा लेख.

## वेबसाइट म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा. वेबसाइट म्हणजे एक वस्तू नाही, तीन आहेत.

१. डोमेन: साइटचं नाव, म्हणजे पत्ता. उदा. काहीतरी डॉट इन.
२. होस्टिंग: साइटच्या फाइल्स जिथे राहतात ती जागा. चोवीस तास चालू असलेला एक कॉम्प्युटर, ज्याला सर्व्हर म्हणतात.
३. मजकूर: तुम्ही लिहिलेलं, काढलेले फोटो, पानांची मांडणी.

फोनमधलं उदाहरण घ्या. आपण कॉन्टॅक्टमध्ये ‘मोठे काका’ असं नाव सेव्ह करतो. काकांनी नंबर बदलला तर आपण नावापुढचा नंबर बदलतो, नाव तेच राहतं. इंटरनेटवर हे काम डीएनएस करतं. डोमेनचं नाव टाकलं की डीएनएस त्या नावापुढे नोंदवलेला सर्व्हरचा आयपी नंबर काढून देतं आणि ब्राउझर तिथे पोहोचतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. नाव तुमच्या मालकीचं असेल आणि मजकुराची प्रत तुमच्याजवळ असेल, तर मधली होस्टिंगची जागा तुम्ही कितीही वेळा बदलू शकता. वाचणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली. खोली बदलायला हरकत नाही, पण पत्ता आणि सामान आपलं हवं. पुढचा सगळा लेख या एका वाक्याचा विस्तार आहे.

## डोमेन: नाव नक्की कुणाच्या नावावर आहे?

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांसाठी नोंदवता येतं आणि मुदत संपायच्या आत नूतनीकरण करावं लागतं. नोंदणी करून देणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. डॉट इन नावांचा कारभार भारतात निक्सी ही संस्था बघते. २००५ साली नोंदणी सगळ्यांसाठी खुली झाली आणि तेव्हापासून डॉट इन नाव कुणीही घेऊ शकतं. डॉट गव्ह डॉट इन मात्र फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं. आपल्या जिल्ह्याची अधिकृत साइट ‘गोंदिया’ला हीच शेपटी जोडलेली आहे. त्यामुळे कुठल्याही सरकारी योजनेची लिंक आली की आधी पत्त्याची शेपटी बघायची सवय लावा.

आता माझी चूक सांगतो. २०११ साली मी डॉट कॉम डोमेन घेतलं, म्हणजे एकाकडून घेऊन घेतलं. साइट बनवून देणाऱ्या ओळखीच्या माणसाने डोमेन, होस्टिंग, डिझाइन सगळं मिळून एक रक्कम सांगितली. मी रोख दिली आणि विषय संपला असं समजलो. डोमेन त्याच्या अकाउंटमध्ये होतं, त्याच्या ईमेलवर. दरवर्षी तो पैसे घेऊन जायचा. २०१६ मध्ये त्याने हा धंदा सोडला, शहर सोडलं, नंबरही बदलला. मुदत संपायच्या सूचना कुठल्या ईमेलवर गेल्या असतील देव जाणे. एक दिवस साइट उघडली तर पान नाही. काही महिन्यांनी त्याच नावावर भलत्याच जाहिराती दिसायला लागल्या. कुणीतरी दुसऱ्याने ते नाव उचललं होतं. त्या माणसाने फसवलं असं मी म्हणणार नाही. विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही.

डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपल्यावर काय होतं ते बघा:

- मुदत संपते, साइट सहसा लगेच बंद पडते. रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस नाव धरून ठेवू शकतो. या काळात बहुतेक ठिकाणी नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं.
- त्यानंतर ३० दिवसांचा सोडवून घेण्याचा काळ. इथे नेहमीच्या फीवर मोठा दंड लागतो.
- मग ५ दिवस नाव कुलूपबंद, कुणालाच काही करता येत नाही.
- त्यानंतर नाव सगळ्यांसाठी मोकळं. जो आधी घेईल त्याचं.

रजिस्ट्रारनुसार पहिला काळ कमी असू शकतो, म्हणून ४५ दिवसांच्या भरवशावर राहू नका.

डोमेन घेताना या चार गोष्टी तपासा. अकाउंट तुमच्या ईमेलवर हवं. मालकाच्या जागी तुमचं नाव हवं. ऑटो-रिन्यू चालू हवं, आणि ज्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून पैसे जातात ते चालू आहे ना हे वर्षातून एकदा बघायला हवं. चौथी गोष्ट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. साइट दुसऱ्याने बनवून दिली तरी चालेल, पण डोमेन स्वतः घ्या आणि त्याला फक्त डीएनएसची माहिती भरायला सांगा.

एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नाव नेता येतं, अगदी मोबाइल नंबर पोर्ट करतो तसं. त्यासाठी जुन्या रजिस्ट्रारकडून एक गुप्त कोड घ्यावा लागतो, त्याला ऑथ कोड म्हणतात.

देवनागरीतलं नाव घ्यावं का? २०१४ पासून डॉट भारत ही देवनागरी शेपटी उपलब्ध आहे आणि मराठी अक्षरांत पूर्ण पत्ता घेता येतो. दिसायला छान वाटतं. पण काही ॲप्समध्ये अशा पत्त्याची लिंक आपोआप तयार होत नाही आणि कॉपी केल्यावर कधीकधी इंग्रजी अक्षरांची लांबलचक साखळी दिसते. माझा सल्ला असा, की मुख्य नाव डॉट इन ठेवा आणि देवनागरी नाव हौसेने जोडीला घ्या.

## होस्टिंग: फुकट, भाड्याचं की घरचं?

फुकट होस्टिंग. माझी २००८ ची पहिली साइट अशाच एका सेवेवर होती. पत्त्यात त्यांचं नाव, पानावर त्यांच्या जाहिराती. दोन वर्षांनी कंपनीने सेवा गुंडाळली. महिनाभर आधी ईमेल आला होता, पण मी तो मेलबॉक्स उघडतच नव्हतो. आमच्याकडे तेव्हा सायबर कॅफेत जाऊन मेल बघायचे दिवस होते. पत्ता त्यांचा असल्याने पत्ताही गेला. हे माझ्या एकट्याचं दुखणं नाही. एकेकाळी जगभर गाजलेलं जिओसिटीज याहूने २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवरचं तुमचं पानही याच प्रकारात मोडतं, कारण जागा त्यांची आणि पत्ताही त्यांचाच.

याचा अर्थ फुकट सेवा वापरूच नका असा नाही. गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस, ब्लॉगर या सेवांवर तुम्ही स्वतःचं डोमेन जोडू शकता. उद्या सेवा बंद झाली तरी पत्ता तुमच्याकडे राहतो. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट प्लॅनवर मात्र स्वतःचं डोमेन जोडता येत नाही.

शेअर्ड होस्टिंग. एका सर्व्हरवर शेकडो साइट्स, प्रत्येकाला थोडी जागा. वर्डप्रेस चालवायचं असेल तर बहुतेक लोक हेच घेतात. इथली मेख म्हणजे पहिल्या वर्षाचा दर. जाहिरातीतला स्वस्त दर बहुधा दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो आणि नूतनीकरणाच्या वेळी तो दुप्पट-तिप्पटही होऊ शकतो. विकत घ्यायच्या आधी नूतनीकरणाचा दर शोधून वाचा.

घरून किंवा फोनवरून होस्टिंग. हा प्रश्न मला खूप मुलं विचारतात. टर्मक्ससारख्या ॲपमधून जुन्या अँड्रॉइड फोनवर सर्व्हर खरंच चालवता येतो. घरच्या वायफायवर तो सगळ्यांना दिसेल, शिकायला एकदम भारी. पण बाहेरच्या जगाला तो सहसा दिसत नाही. कारण आयपीव्ही४ पद्धतीत जगात एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. ते पुरत नसल्याने मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून नेमकं तुमच्या फोनपर्यंत येता येत नाही. त्यात वीज गेली की राउटर बंद. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून घरचा सर्व्हर प्रयोगापुरता ठेवा.

## होस्टिंग बदलायचं कसं?

क्रम चुकला की साइट मध्येच बंद पडते. बरोबर क्रम असा:

१. सगळ्या फाइल्स आणि डेटाबेस असेल तर तोही आपल्याकडे उतरवून घ्या.
२. नव्या जागी साइट पूर्ण चढवा आणि तपासा.
३. मग डीएनएसमध्ये नव्या सर्व्हरची माहिती भरा.
४. बदल सगळीकडे पोहोचायला काही मिनिटांपासून एक-दोन दिवस लागू शकतात. तोवर जुनी जागा बंद करू नका.
५. आठवडाभर नीट चाललं की जुनं होस्टिंग सोडा.

आणि पानांचे पत्ते तेच ठेवा. डोमेन तेच पण पानाचा पत्ता बदलला, तर कुणी जुनी लिंक जपून ठेवली असेल ती फुकट जाते.

## मजकूर: दहा वर्षांनी उघडेल अशा रूपात ठेवा

माझी पहिली पानं कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. आमच्याकडे टायपिंग शिकलेल्या सगळ्यांना तेच यायचं. या जुन्या फॉन्टची गंमत अशी, की फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की ‘तलाव’ऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. गूगललाही तो कचराच दिसतो, म्हणून मराठीत शोधून माझी साइट कधी सापडायचीच नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ते कुठल्याही फोनवर मराठीच दिसतं. जुनी पानं मी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणली. जोडाक्षरं आणि रफार बऱ्याच ठिकाणी बिघडले होते, ते हाताने दुरुस्त केले. आज फोनवर तुम्ही जे मराठी टाइप करता ते युनिकोडच असतं. पण घरात जुन्या फॉन्टमधल्या फाइल्स पडल्या असतील तर आत्ताच बदलून घ्या.

मजकूर किती जागा घेतो? युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे दोन हजार शब्दांचा मराठी लेख साधारण ३५ ते ४० केबी. फोनमधला एक फोटो सहज ४ एमबी असतो, म्हणजे असे शंभर लेख! १,००० फोटो तसेच चढवले तर ४ जीबी होतात. तेच प्रत्येकी २०० केबीचे केले तर २०० एमबी. गिटहब पेजेसची मर्यादा १ जीबी आहे, तिच्यात हे आरामात बसतात. फक्त मूळ मोठे फोटो वेगळे जपा. मी ते केलं नाही, त्याचं पुढे सांगतो.

आणखी एक. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आपल्या गोंदियात आणि शेजारच्या भंडाऱ्यात उरलेत. त्यांच्या घरट्याचा फोटो तसाच चढवला तर नेमकी जागा जगजाहीर होते. तुमच्या घरातल्या फोटोलाही हाच नियम. चढवण्याआधी लोकेशन काढून टाका.

## हात न लावताही साइट का बिघडते?

तुम्ही काही केलं नाही तरी भोवतालचं जग बदलत राहतं. तीन उदाहरणं:

- फ्लॅश: एकेकाळी गॅलरी आणि ॲनिमेशनसाठी सगळे वापरायचे. २०२० च्या अखेरीस ॲडोबीने ते बंद केलं. त्यातल्या गॅलरी आता ब्राउझरमध्ये उघडत नाहीत.
- एचटीटीपीएस: जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटवर ‘नॉट सिक्युअर’ असा शिक्का दाखवू लागला. २०१५ च्या शेवटी सुरू झालेली लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा प्रमाणपत्र फुकट देते. ते ९० दिवस किंवा त्याहून कमी चालतं, म्हणून ते आपोआप नवं होतंय ना हे बघा.
- पीएचपी: वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिच्या जुन्या आवृत्त्या ठरावीक काळाने बंद होतात. पीएचपी ५.६ चा आधार ३१ डिसेंबर २०१८ ला संपला. होस्टिंगवाल्यांनी आवृत्ती बदलली आणि माझ्या जुन्या थीममुळे साइटवर नुसतं पांढरं पान दिसायला लागलं.

त्यानंतर मी स्टॅटिक साइटकडे वळलो. स्टॅटिक म्हणजे डेटाबेस नाही, प्लगिन नाही, फक्त तयार पानांच्या साध्या फाइल्स. हॅक होण्यासारखं फार काही उरत नाही आणि कुठल्याही होस्टिंगवर उचलून ठेवता येतं. दुकान चालवायचं असेल तर हे पुरणार नाही. पण लेख, फोटो, कविता, नोंदी यासाठी भरपूर आहे.

## बॅकअप: ३-२-१ चा नियम

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. उदा. साइटवर एक, घरच्या पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर एक आणि क्लाउडवर एक. होस्टिंग कंपनीच्या बॅकअपवर पूर्ण विसंबू नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, ते साइटसोबत गेले.

वर्षातून एकदा बॅकअप उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न तपासलेला टॉर्च, अंधार झाल्यावरच कळतं.

## साइट गेलीच तर?

इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतली ना-नफा संस्था १९९६ पासून वेबची पानं जपते. तिच्या वेबॅक मशीनवर जुना पत्ता टाकला की त्या काळातली पानं दिसू शकतात. २०१६ मध्ये डोमेन गेल्यावर माझी बरीचशी लिखित पानं मला तिथेच परत मिळाली. मोठे फोटो मात्र आले नाहीत. काही ठिकाणी फक्त बोटभर आकाराचे छोटे फोटो उरले होते.

याची खरी किंमत मला नंतर कळली. एका गावातली काही मुलं माझ्याकडे आली. त्यांच्या मामा तलावात बेशरम माजलेली, निम्मा तलाव गाळाने भरलेला. गाळ काढायच्या अर्जासोबत जोडायला त्यांना जुना फोटो हवा होता. मी २००९ च्या हिवाळ्यात तो तलाव काठोकाठ भरलेला, त्यावर अडईंचा थवा बसलेला असा फोटो काढला होता. साइटवर टाकून मूळ फाइल पुसून टाकली होती, कारण मेमरी कार्ड भरलं होतं. मिळाला तो आर्काइव्हमधला छोटा, धुरकट फोटो. मोठा करून छापला तर पाणी आणि आभाळ वेगळं ओळखू येईना. मुलांनी तारखेची लेखी नोंद जोडली आणि तो फोटोही तसाच जोडला.

तुमच्या गावाचा, शाळेचा, तलावाचा फोटो आज साधा वाटतो. पंधरा वर्षांनी तोच पुरावा असतो. म्हणून आपल्या साइटची महत्त्वाची पानं वेबॅक मशीनच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मधून स्वतःच जपून ठेवा. फुकट आहे, फोनवरून होतं.

## खर्च किती?

- डॉट इन डोमेन: वर्षाला साधारण ५०० ते १,००० रुपये. डॉट कॉम थोडं महाग.
- स्टॅटिक होस्टिंग: छोट्या साइटसाठी शून्य.
- एचटीटीपीएस प्रमाणपत्र: शून्य. यासाठी वेगळे पैसे मागत असतील तर आधी कारण विचारा.

म्हणजे एका महिन्याच्या रिचार्जच्या दोन-तीन पट रकमेत वर्षभर स्वतःचा पत्ता!

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फक्त फोन आहे, लॅपटॉप नाही. जमेल का?
हो. सुरुवातीला ब्लॉगर घ्या आणि स्वतःचं डोमेन जोडा. गूगल टेकआउटमधून डेटा वेळोवेळी उतरवा. पुढे गिटहबवरही फोनच्या ब्राउझरमधून लिहिता येतं.

वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग एकच का?
नाही. पहिली तयार सेवा आहे. दुसऱ्या ठिकाणाहून सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते तुम्ही तुमच्या होस्टिंगवर टाकता.

रोज लिहायला वेळ नाही, मग साइट कशाला?
रोज लिहायची गरजच नाही. माझ्या साइटवर कधीकधी चार महिने काही येत नाही. पण पत्ता चालू असतो.

## वर्षातून एक दिवस ठरवा

मी यासाठी १ मे ठेवलाय. महाराष्ट्र दिन तर आहेच, १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तोही याच दिवशी, त्यामुळे विसरत नाही. त्या दिवशी मी पाच गोष्टी बघतो. डोमेनची मुदत किती उरली, अकाउंटचा ईमेल आणि फोन नंबर चालू आहे का, साइट दुसऱ्याच्या फोनवर नीट उघडते का, बॅकअप उघडतो का, आणि मूळ फोटो दोन ठिकाणी आहेत का. अर्धा तास लागतो.

आणि हो, घरातल्या एका माणसाला डोमेनचं अकाउंट कुठे आहे हे सांगून ठेवा. उद्या तुम्ही शिक्षणाला पुण्याला गेलात, फोन हरवला, आजारी पडलात, तरी नूतनीकरण चुकायला नको. माझ्या घरी हे आता माझ्या पुतणीला माहीत आहे. मागच्या १ मेला अर्धं काम तिनेच केलं.